जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत नापास का होते, आणि चिठ्ठीवरचे आकडे काय सांगतात

वीस वर्षांहून जुन्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आता १०,००० रुपये शुल्क पडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून ते ५,००० वरून दुप्पट केलं. पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यानच्या कारला ५,००० रुपये कायम आहेत. गोव्यात अशा गाड्या घराघरांत आहेत. कुणाची मारुती ८००, कुणाची झेन, कुणाची पहिली सँट्रो. वडिलांनी घेतलेली म्हणून विकवत नाही आणि शेवटची बस संध्याकाळीच निघून जाते अशा सत्तरी-पेडण्यातल्या वाड्यांवर ती विकून चालतही नाही.

शुल्काचं गणित सरळ असतं. गोंधळ होतो तो पीयूसी केंद्रावर. सायलेन्सरमध्ये नळी घातली जाते, पडद्यावर आकडे हलतात आणि गाडी नापास असल्याचं सांगितलं जातं. मग एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, बदला, दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल, तिसरा म्हणतो गाडी काढूनच टाका. तिघांपैकी कुणीही त्या चिठ्ठीवरचे आकडे वाचलेले नसतात. ते आकडे वाचता आले तर निम्मं निदान तिथेच होतं आणि पुष्कळदा काही हजारांचा खर्च काहीशेंवर येतो. हा लेख त्या आकड्यांसाठीच आहे.

यंत्र नेमकं काय मोजतं?

पीयूसी म्हणजे गाडीचं प्रदूषण मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११५ व्या नियमाने ते बंधनकारक केलं आहे. डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे हे पाहतात. पेट्रोल गाडीची तपासणी वेगळी असते, कारण तिचं घातक उत्सर्जन बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून सायलेन्सरमधून निघणारे वायू यंत्रात ओढून घेतात, त्यांतून अवरक्त किरण सोडतात आणि कुठला वायू किती किरण शोषतो त्यावरून त्याचं प्रमाण काढतात. ऑक्सिजन तेवढा वेगळ्या सेलने मोजतात.

पास-नापास ठरवणारे मुख्य आकडे दोन. पहिला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. तो टक्क्यांत येतो. दुसरा एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, सोप्या शब्दांत न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. तो पीपीएममध्ये येतो, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. यांच्यासोबत कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचेही आकडे यंत्राला मिळतात. त्यांच्यावर पास-नापास ठरत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. दोष शोधणाऱ्याला मात्र त्यांचाही आधार असतो.

हवा आणि पेट्रोलचं माप

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे माप जुळलं की पेट्रोलमधल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी. माप बिघडलं की अर्धवट जळलेलं काहीतरी बाहेर येतं.

ज्यांनी घरात चूल पेटती पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. लाकडं कोंबून भरली आणि हवेला वाट ठेवली नाही तर चूल धुमसते. लाकूड भरपूर असतं, पण ते अर्धवटच जळतं. याउलट दोनच काटक्या ठेवून जोराने फुंकलं तर ज्वाळा विझते आणि काटक्या न जळताच राहतात. इंजिनातही हेच दोन प्रकार होतात. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असेल तर सीओ वाढतो. मेकॅनिकच्या बोलीत गाडी ‘रिच’ चालते, म्हणजे मिश्रण जाड होतं. हवा फार आणि पेट्रोल कमी झालं तर मिश्रण पेटतच नाही, इंजिन मधेच ठोका चुकवतं, म्हणजे ‘मिसिंग’ करतं, आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तेव्हा सीओ कमी दिसतो आणि एचसी चढतो.

नव्या गाड्यांच्या चिठ्ठीवर आणखी एक आकडा येतो, लॅम्डा. हवा-पेट्रोलचं माप अचूक असेल तर तो १ असतो. एकाहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त, एकाहून अधिक म्हणजे हवा जास्त.

माझ्या गाडीला कुठली मर्यादा लागू होते?

‘गाडी जुनी आहे, ती नापास होणारच’ असं जे सर्रास म्हटलं जातं ते चुकीचं आहे. जुन्या गाडीला आजच्या गाडीच्या मापाने मोजत नाहीत. ती ज्या काळातल्या निकषांनुसार बनली, त्यावर तिची मर्यादा ठरते. या निकषांना भारत स्टेज, थोडक्यात बीएस, म्हणतात. देशभरात बीएस-२ एप्रिल २००५ पासून, बीएस-३ एप्रिल २०१० पासून, बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. मोठ्या शहरांत ते त्याआधीच आलं होतं. त्यामुळे तुमची गाडी कुठल्या टप्प्यातली हे केवळ सालावरून ठरवू नका, नोंदणीच्या कागदपत्रांवरून पाहा.

बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला सीओ ३ टक्के आणि एचसी १,५०० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ साठी सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. बीएस-४ पासून पुढच्या गाड्यांना सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम. शिवाय त्यांची आणखी एक चाचणी होते. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास चालवतात, तेव्हा सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो.

म्हणजे १९९८ च्या मारुती ८०० ला २००७ च्या गाडीच्या सहापट सीओ माफ आहे. तरीही ती नापास होत असेल तर तिच्यात खरोखर काहीतरी बिघडलं आहे, आणि बहुधा ते दुरुस्त होण्याजोगं आहे.

मुदतीचाही घोळ असतो. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहाच महिने. शेजाऱ्याची नवी गाडी वर्षातून एकदा जाते म्हणून आपलीही एकदाच न्यायची, असं धरून पुष्कळजण मुदत चुकवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आकड्यांवरून दोष कसा ओळखायचा?

इथे थोडं थांबून वाचावं असं मी सुचवेन, कारण पैसे वाचतात ते इथे.

*सीओ जास्त, एचसी ठीक किंवा किंचित जास्त.* गाडीला पेट्रोल जास्त मिळतं आहे किंवा हवा कमी. सगळ्यात आधी एअर फिल्टर उघडून पाहा. खाणपट्ट्यातून, म्हणजे उसगाव, साखळी, कुडचडे या बाजूने रोज जाणाऱ्यांच्या फिल्टरवर लाल मातीचा थर बसतो आणि पावसाळ्यात तो चिखलासारखा घट्ट होतो. कार्बोरेटरच्या गाडीत मग चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप, पाहायचा. चोकची केबल गंजून अर्धवट अडकली तर गाडी दिवसभर थंड इंजिनाचंच जाड मिश्रण पीत राहते. त्यानंतर कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट आणि सुईचा वॉल्व्ह. इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत कार्बोरेटर नसतो, कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टर पेट्रोल फवारतात. तिथे इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे दोन मुख्य संशयित.

*एचसी जास्त, सीओ कमी.* पेट्रोल पेटतच नाही. ठिणगीकडे पाहा. स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर, इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तडा गेलेल्या कॅपमधून आणि जुन्या वायरींवरून करंट बाहेर निसटतो. पहाटे गाडी मिसिंग करते आणि दुपारी ठीक चालते याचं कारण पुष्कळदा हेच असतं. ठिणगी चांगली असेल तर इनटेकचे रबरी व्हॅक्यूम पाइप तपासा. पाइप चिरला असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि मिश्रण विरळ होतं. त्यानंतर टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट. वॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर न जळलेलं पेट्रोल बाहेर जाणारच.

*दोन्ही जास्त.* एक तर मिश्रण इतकं जाड आहे की प्लग काळे पडून ठिणगीही नीट पडत नाही, नाहीतर इंजिनात तेल जळतं आहे. इंजिन ऑइल बरेच दिवस बदललेलं नसेल तरीही हे होतं. जुन्या तेलात पेट्रोल मिसळत जातं, त्याची वाफ ब्रीदरच्या पाइपमधून परत इंजिनात येते आणि दोन्ही आकडे चढवते. म्हणून मोठी दुरुस्ती काढण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून पुन्हा मोजून घ्यावं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर मात्र ते तेलच जळतं आहे.

*दोन्ही कमी, तरी लॅम्डा जास्त.* ऑक्सिजनचा आकडा पाहा. तोही जास्त असेल तर सायलेन्सरला कुठेतरी भोक आहे आणि बाहेरची हवा नमुन्यात मिसळते आहे.

क्रम असा ठेवा: फिल्टर, तेल, प्लग, वायरी, पाइप, टॅपेट, मग सेन्सर आणि सगळ्यात शेवटी महागाचे भाग. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी पास होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच याल.

गोव्यात जास्त आढळणारे दोष

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते पाणी वाफ होऊन निघून जातं. पणजीहून मेरशीला किंवा घरून बाजारात आणि परत एवढीच गाडी फिरत असेल तर सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून खारी हवा आपलं काम करत असतेच. त्यामुळे किनारपट्टीवरच्या, कमी फिरणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर लवकर गळतात.

हे भोक कुठे आहे याला फार महत्त्व आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या मागे असेल तर नमुना पातळ होऊन लॅम्डा बिघडतो, एवढंच. सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपच्या) गॅस्केटमधून हवा आत येत असेल तर सेन्सरला वाटतं की इंजिनात हवा जास्त आहे. तो गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि सीओ भडकतो. वेल्डिंग किंवा गॅस्केटचं काम असतं आणि बदलले जातात इंजेक्टर.

दुसरा दोष माणसाने केलेला असतो. गाडी गरम होते अशी तक्रार आली की काही गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकतात. इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, ती काय कामाची?’ असा त्यामागे विचार असतो. ती काढल्यावर इंजिन कायम अर्धवट थंड राहतं, सेन्सर ‘अजून थंड आहे’ असं सांगत राहतो आणि इंजिनाला जाड मिश्रण मिळत राहतं. पेट्रोल जास्त जातं, सीओ वाढतो, तेल लवकर खराब होतं. तापमानाचा काटा अर्धा तास चालवूनही खालीच राहत असेल तर हा प्रश्न मेकॅनिकला जरूर विचारा. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर साफ करावा, पंखा तपासावा. झडप काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे, हे मी ठामपणे सांगतो.

तिसरी गोष्ट नव्या पेट्रोलची. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असतं. एथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. एक किलो एथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. कार्बोरेटरला सेन्सर नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण थोडं विरळ होतं. ज्या गाडीत सीओ जास्त होता तिचा तो कमी होईल. जी आधीच विरळ चालत होती ती मिसिंग करू लागेल आणि तिचा एचसी वाढेल. शिवाय एथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुने रबरी पाइप, वायसर, डायफ्राम मऊ करतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवून टाकीच्या तळाशी राहिलेल्या जुन्या पेट्रोलवर तशीच चाचणीला नेऊ नका. ताजं पेट्रोल भरा, चालवा, मग न्या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: महागडा, आणि विनाकारण बदलला जाणारा

साधारण २००० सालानंतरच्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो. आत बारीक जाळीदार चिनी मातीचा ठोकळा आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ थर. या धातूंच्या सान्निध्यात उरलेला सीओ आणि एचसी जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो काम करू लागतो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला पोचल्यावर, आणि हवा-पेट्रोलचं माप जवळपास अचूक असेल तरच.

म्हणून ‘कन्व्हर्टर गेला’ हे निदान शेवटी यायला हवं. मिश्रण जाड असेल तर चांगला कन्व्हर्टरही हरतो. त्याहून वाईट म्हणजे, मिसिंग करणाऱ्या इंजिनाचं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मूळ मिसिंग दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवला तर काही महिन्यांत त्याचीही तीच गत होते. जळणारं इंजिन ऑइल आणि इंजिनात गळणारं कूलंटही त्याला निकामी करतं. खाली आडवं होऊन डब्यावर हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ ऐकू आली तर जाळी फुटली आहे. तेव्हा बदलण्यावाचून इलाज नाही.

काही ठिकाणी जाळी फोडून काढतात आणि रिकामा डबा परत वेल्ड करतात. ‘पिकअप वाढतो’ म्हणतात. जाळी तुंबलेली असेल तर फरक जाणवेलही. पण कन्व्हर्टरसह मोजली जाणारी गाडी त्यानंतर प्रामाणिकपणे पास होणं जवळजवळ अशक्य. आणि त्या गाडीमागे सिग्नलला स्कूटरवर आईच्या पुढ्यात बसलेलं मूल असतं. हे काम सांगणारा आणि करणारा दोघांनीही त्या मुलाचा विचार करावा.

चाचणीच्या दिवशी

गाडी गरम हवी. घराजवळच्या पंपावरच केंद्र असेल तरी आधी पंधरा-वीस मिनिटं हमरस्त्यावर चालवून घ्या. थंड इंजिन जाड मिश्रणावर चालतं आणि थंड कन्व्हर्टर काहीच करत नाही, त्यामुळे निर्दोष गाडीही नापास होऊ शकते. रांगेत दहा मिनिटं तसंच उभं राहावं लागलं तर कन्व्हर्टर पुन्हा निवतो. आपली पाळी येण्याआधी मिनिटभर न्यूट्रलमध्ये एक्सलरेटर किंचित दाबून धरा. एसी आणि हेडलाइट बंद ठेवा. नळी सायलेन्सरमध्ये वीतभराहून जास्त, साधारण ३० सेंटिमीटर आत जाते आहे ना, हे स्वतः पाहा. तोंडाशीच अडकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा येतो. नापास झालात तरी आकड्यांची चिठ्ठी मागून घ्या. नापास गाडीला तशी चिठ्ठी देण्याची तरतूद २०२१ च्या नियमबदलात केलेली आहे.

‘स्लो स्क्रू फिरवून पास करून देतात की!’

कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रणाचा स्क्रू असतो आणि तो फिरवला की सीओ खाली येतो, हे खरं. यंत्र लावून, सीओ आणि एचसी दोन्ही पाहत तो नीट बसवला तर ती योग्य दुरुस्तीच आहे. गॅरेजवाल्याला कामाच्या वेळी पीयूसीचं यंत्र उपलब्ध असेल तर त्याच्याकडे जरूर जा. कानाने अंदाज घेऊन सीओ फक्त दाबायचा म्हणून मिश्रण विरळ केलं तर एचसी वाढतो, गाडी सिग्नलला बंद पडते, चोर्ला किंवा अनमोड घाटात चढावर तापते. मग मालक स्वतःच स्क्रू परत फिरवतो आणि हवेत तेवढंच विष जात राहतं.

पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधाच्या बाटल्यांबद्दलही विचारतात. इंजेक्टरवर साचलेला थर थोडा निघू शकतो, तेवढाच उपयोग. फाटका पाइप किंवा मेलेला सेन्सर बाटलीने बरा होत नाही.

‘शेवटी कागदच ना तो?’

नळी न लावता मिळालेलं प्रमाणपत्र हा कागदच असतो, यात शंका नाही. म्हणून तर आता प्रमाणपत्र थेट वाहन नोंदणीच्या राष्ट्रीय यंत्रणेत नोंदलं जातं, त्यावर क्यूआर कोड येतो आणि मालकाचा मोबाइल नंबर लागतो. पण व्यवस्थेत पळवाटा उरल्या तरी तोटा कुणाचा होतो ते पाहा. दर सहा महिन्यांनी इंजिनाच्या आतली स्थिती सांगणारे आकडे तुम्हाला किरकोळ शुल्कात मिळतात. जाड मिश्रणावर चालणारी गाडी तुमच्याच पैशांचं पेट्रोल अर्धवट जाळते. मागच्या वेळी सीओ ०.२ होता आणि या वेळी ०.४ झाला, तर बीएस-३ गाडी पास झाली असली तरी बिघाड सुरू झाला आहे. जुन्या चिठ्ठ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवा.

‘आपल्याकडे समुद्राचा वारा आहे, प्रदूषण कसलं?’

वाऱ्याने पुष्कळ काही वाहून जातं हे मान्य. पण सीओ तुमच्या नाकापर्यंत पोचतो तो वारा लागण्याआधी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात किंवा पणजीच्या १८ जून रस्त्यावर गाड्या खोळंबतात तेव्हा मागच्या स्कूटरवाल्याचं तोंड पुढच्या सायलेन्सरपासून काही हातांवर असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सीओला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. हृदयविकार असलेल्याला आणि गरोदर बाईला त्याचा त्रास आधी होतो. एचसीमध्ये बेन्झीन असतं आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरतं, हे सिद्ध झालेलं आहे. शिवाय हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. ऊन तर आपल्याकडे भरपूर.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मला हा सगळा लेख लिहावासा वाटला असता. पावसात बंद गॅरेजमध्ये शटर खाली ओढून गाडी सुरू ठेवू नका, बॅटरी चार्ज करायलाही नाही. सीओला रंग नाही, वास नाही. माणसाला कळण्याआधीच तो बेशुद्ध होतो. मिश्रण जाड असलेली, कन्व्हर्टर नसलेली जुनी गाडी या बाबतीत सर्वांत धोक्याची.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच ना?’

नाही. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचे ते निर्बंध दिल्ली आणि तिच्या लगतच्या प्रदेशासाठी आहेत. राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून ते आले. गोव्यात खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज करायचा, वाहतूक खात्याच्या निरीक्षकाला गाडी दाखवायची, आणि ती योग्य ठरली की पुढची पाच वर्षं मिळतात. त्या वेळी चालू मुदतीचं पीयूसी हवं. म्हणून नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा दोन-तीन महिने आधी गाडी मोजून घ्यावी. सुटे भाग मागवायला वेळ मिळतो.

मग गाडी सोडून द्यायची कधी? फिल्टर, तेल, प्लग, टॅपेट, सेन्सर सगळं होऊनही एचसी खाली येत नसेल तर शुल्क भरण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात. एखाद्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर वॉल्व्ह गळतो आहे. वॉल्व्हचं काम जुन्या छोट्या गाड्यांत परवडतं. रिंग-पिस्टनचं काम, त्यात कुजलेला पत्रा आणि वीस वर्षांवरच्या गाडीचं १०,००० रुपये शुल्क, अशी बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढे जात असेल, तर तिला अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावं. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. गाडी सोपवल्यावर तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्यायला विसरू नका. तो नसेल तर भंगारात गेलेल्या गाडीची चलनंही तुमच्याच नावावर येऊ शकतात.